सॉनिक स्क्रू ड्रायव्हर : नळीत मावेल तेवढेच (प्रकल्प नोंदी)

९ एप्रिल २०२४, मंगळवार (गुढीपाडवा)

गुढी उभारून आणि जेवणे उरकून दुपारी अडीच वाजता कामाला आरंभ केला. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा नायक कोटाच्या खिशात जो सॉनिक स्क्रू ड्रायव्हर बाळगतो, त्याच्या धर्तीवर हातात मावणारे एक उपकरण तयार करायचे, आणि मालिकेत तो त्याच्याकडून जी कामे करून घेतो त्यांपैकी जेवढी घरच्या टेबलावर खरोखर जमतील तेवढी जमवायची, असा हा प्रकल्प आहे. कल्पना माझ्या भाचीची आहे. ती जूनमध्ये नववीत जाईल आणि ही सुट्टी पुण्यात आमच्याकडे घालवणार आहे. बाजारात मिळणारे खेळण्यातले सॉनिक तिच्याजवळ आहे. मात्र त्याचा दिवा लागतो, आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही, अशी तिची तक्रार आहे.

तिने एका पाठकोऱ्या कागदावर उपयोगांची यादी करून आणली होती. स्क्रू काढणे, कुलूप उघडणे, संगणक ताब्यात घेणे, जखमी माणसाची तपासणी करणे, तुटलेली काटेरी तार पुन्हा जोडणे, पुरलेले सुरुंग दुरून उडवणे अशी ती एकतीस कामे होती आणि त्यांतली बहुतेक मालिकेत खरोखर दाखवलेली आहेत. सुरुंगांचा प्रसंग १९७२ च्या समुद्रसैतानांच्या कथेत आहे, काटेरी तारेचा २००५ च्या पुनरागमनाच्या वर्षातला आहे. प्रत्येक कामापुढे त्याला ध्वनी लागेल, प्रकाश लागेल की निव्वळ लेखकाची कृपा लागेल ते लिहायचे, एवढीच अट मी घातली. दिवेलागणीपर्यंत एकतिसांपैकी नऊ कामे उरली.

१४ एप्रिल, रविवार

आज हत्यार हातात घेतले नाही. उपकरणाचा इतिहास नीट लिहून काढला, कारण त्यावाचून कोणते काम मुळातले आणि कोणते नंतर चिकटलेले हे कळत नव्हते.

मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि पहिली चार वर्षे डॉक्टरला या उपकरणाची गरज पडली नाही. ते प्रथम दिसले मार्च १९६८ मध्ये, व्हिक्टर पेंबर्टन यांनी लिहिलेल्या सहा भागांच्या कथेत. पॅट्रिक ट्राउटन तेव्हा डॉक्टरची भूमिका करीत. उत्तर समुद्रातून किनाऱ्यावर येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळवाहिनीभोवती ती कथा फिरते आणि उपकरणाचे पहिले काम त्या नळावरच्या पेटीचे स्क्रू काढणे हेच आहे. म्हणजे नाव आणि काम यांचा तेव्हा सरळ मेळ होता. त्या कथेचे सहाही भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसे झाले आहेत, काही तुकडे आणि ध्वनिमुद्रण तेवढे शिल्लक आहे. त्यामुळे ज्या उपकरणाची नक्कल आम्ही करीत आहोत त्याचे मूळ रूप आम्हाला धडपणे पाहताही येत नाही.

पुढे डॉक्टर बदलत गेले (हे पात्र मधूनमधून रूप पालटते आणि भूमिका नव्या नटाकडे जाते) तशी कामे वाढत गेली. मला यात एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. डॉक्टर पिस्तूल बाळगत नाही. त्याच्या हातात जे आहे ते उघडते, जोडते, तपासते आणि क्वचित बिघडवते. साहसकथेच्या नायकाला सुताराच्या पेटीतली वस्तू देणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत याची चांगली जाण असली पाहिजे.

भाचीने विचारले की लाकडाचे काय. २००८ च्या ग्रंथालयाच्या कथेत हे उपकरण लाकडावर चालत नाही असे डॉक्टर स्वतःच कबूल करतो, ते तिला पाठ आहे. लाकडावर चालणार नाही ही अट आपणही पाळायची, असे ठरले. ती पाळायला काहीच कष्ट पडणार नाहीत.

२१ एप्रिल, रविवार

काल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान आणले. अंतर मोजणारे एचसी-एसआर०४ हे मॉड्यूल चार नग, एटीटायनी८५ ही प्रोग्राम भरता येणारी आठ पायांची चिप तीन नग, एलएम३५८, एलएम३९३ आणि सीडी४०४० प्रत्येकी दोन, एल२९८एन हे मोटर चालवण्याचे मॉड्यूल एक, अवरक्त आणि अतिनील एलईडी, टीएसओपी१७३८ हा रिमोटचा ग्राहक, १४५०० आकाराचे लिथियम सेल आणि त्यांच्या चार्जिंगसाठी टीपी४०५६. दुकानदाराने यादी वाचून 'कॉलेजचा प्रोजेक्ट का?' असे विचारले. मी हो म्हणाले, भाचीने नाही म्हटले, आणि दर मात्र कॉलेजचाच लागला.

एचसी-एसआर०४ वर डोळ्यांसारखे दिसणारे दोन गोल डबे असतात. १६ मिलिमीटर व्यासाच्या या डब्यांपैकी 'टी' लिहिलेला ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि 'आर' लिहिलेला तो ऐकतो. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झपाशी संपते, म्हणून हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. आमच्या सॉनिकमधला खरा ध्वनी हाच असणार आहे. ऐकू येणारी भिणभिण ही मालिकेची सजावट आहे.

एटीटायनी८५ ला बाहेरच्या कामासाठी बिनतक्रार वापरता येतील असे पाच पाय आहेत. एक बटणाला गेला की चार उरतात आणि यादीत नऊ कामे आहेत.

२८ एप्रिल, रविवार

ध्वनीने वस्तू हलवता येते का, हा पहिला प्रश्न घेतला, कारण नावाप्रमाणे स्क्रू फिरवायचा तर तेच लागते. विज्ञानात हे घडलेले आहे. डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाण्यात ठेवलेली रबराची चकती श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीच्या झोताने उचलून गोल फिरवून दाखवली, आणि बातम्यांमध्ये त्या प्रयोगाला सॉनिक स्क्रू ड्रायव्हर असेच नाव पडले. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये घरगुती साहित्यातून बनवता येईल असे तरंगवण्याचे यंत्र प्रसिद्ध केले, त्यात असे ७२ डबे समोरासमोर बसवलेले असतात. आम्ही दोनच बसवणार आहोत.

तत्त्व सोपे आहे. समोरासमोरच्या दोन डब्यांतून एकाच वारंवारतेचा ध्वनी आला की मधल्या हवेत स्थिर तरंग तयार होतो आणि अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराअंतरावर हवेच्या दाबाची उलघाल जवळजवळ थांबलेली असते. तिथे हलका मणी अडकून राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ८.६ मिलिमीटर येते. आज खोलीत ३८ अंश तापमान आहे, तेव्हा वेग ३५४ च्या आसपास जातो आणि दोन जागांमधले अंतर ४.३ ऐवजी ४.४ मिलिमीटर होते. एप्रिलमध्ये पुण्यात प्रयोग करायचा तर एवढी आकडेमोड करावीच लागते.

दोन मॉड्यूलमधले 'टी' डबे डाग वितळवून काढले, एका लाकडी पट्टीवर समोरासमोर बसवले आणि एल२९८एन मार्फत १२ व्होल्टवर चालवले. थर्माकोलचा मणी सोडला. तो खाली पडला. असे सव्वा तास चालले.

५ मे, रविवार

मणी का पडतो ते सापडले. दोष माझ्या गृहीतकात होता. एटीटायनी८५ आपला ठोका आतल्या आत तयार करते आणि कारखान्यातून येताना तो दहा टक्क्यांपर्यंत मागेपुढे असू शकतो, ही गोष्ट माहिती असूनही मी ती मोजली नव्हती. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप माळ्यावरून काढून पाहिले तर ४० ऐवजी ४१.३ किलोहर्ट्झ येत होते. रिमोट किंवा दिवा यांना एवढ्या फरकाने काही होत नाही. पण हे डबे देवळातल्या घंटेसारखे असतात, आपल्या एका सुरावरच खणखणीत वाजतात आणि त्या सुरापासून एखाद-दीड किलोहर्ट्झ सरकले की त्यांची ताकद झपाट्याने उतरते.

चिपमध्ये ठोक्याची गती एकेका पायरीने कमीजास्त करण्याची सोय आहे. समोर 'आर' डबा धरून त्याच्यातून येणारा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहत एकेक पायरी खाली आलो. पहिल्या तीन पायऱ्यांना काहीच झाले नाही, चौथीला पडद्यावरची लाट जाड झाली, सहावीला ती पडद्याबाहेर गेली. भाची पायऱ्यांचे आकडे लिहीत होती, ती लिहायचे थांबून बघत राहिली.

त्यानंतर मच्छरदाणीच्या जुन्या तुकड्यावर मणी ठेवून तो तुकडा दोन डब्यांमधून हळूच वर नेला, कारण चिमट्याने सोडले की चिमटाच ध्वनी अडवतो. जाळी खाली घेतली तेव्हा मणी वरच राहिला. दोन मिलिमीटरचा पांढरा ठिपका, किंचित थरथरणारा, खाली काही नाही आणि वरही काही नाही. पंखा चालू केला तेव्हा तो गेला.

१२ मे, रविवार

तीन मणी एकावर एक तरंगले, छायाचित्रे काढली, शेजारच्यांना दाखवून झाले. आता खरा हिशेब. थर्माकोलच्या अशा मण्याचे वजन माझ्या गणिताप्रमाणे एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आतच येते. टेबलावरच्या तीन मिलिमीटर व्यासाच्या छोट्या पोलादी स्क्रूचे वजन अर्ध्या ग्रॅमहून अधिक आहे, म्हणजे आम्ही हजारो पटींनी कमी पडतो, आणि त्यातही स्क्रू नुसता उचलायचा नसून आट्यांमधल्या घर्षणाविरुद्ध फिरवायचा आहे. स्क्रू काढणे यादीतून गेले. ज्या कामावरून नाव पडले तेच पहिले गेले.

हातात धरून तरंगवता येईल का तेही पाहिले. एक डबा हातात आणि समोर सपाट काच अशी मांडणी केली. मणी अडकण्याच्या जागा सव्वाचार मिलिमीटर अंतरावर असतात आणि माझा हात त्याहून अधिक हलतो. भाचीचा हात माझ्याहून स्थिर आहे, तिने एकदा मणी तीनचार सेकंद धरून ठेवला आणि मग तिला शिंक आली. शिवाय एल२९८एन ची पाटी त्रेचाळीस मिलिमीटर चौरस आहे, ती कोणत्याच नळीत जाणार नाही. तरंगवणे टेबलावरच राहील.

१९ मे, रविवार

भोसरीच्या एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची नळी लेथवर करून आणली. बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, आतला २०, लांबी १७०. बोटे बसतील तिथे तीन खाचा आहेत. पृष्ठभाग घासून मंद ठेवला आहे. लेथवाल्या काकांनी हे कशासाठी म्हणून विचारले तेव्हा भाचीने त्यांना २०१८ च्या पहिल्या भागाची गोष्ट सांगितली. त्यात नव्याने रूप बदललेली डॉक्टर शेफील्डमधल्या एका कार्यशाळेत ठोकठाक करून, शेफील्डचे पोलाद वापरून स्वतःचा सॉनिक स्वतः घडवते. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पोलादात करायचे तर दर वेगळा पडेल असे सांगितले.

नळी हातात आल्यावर प्रकल्पातली मुख्य अडचण प्रथमच डोळ्यांना दिसली. आत जागा भरपूर आहे. १४ मिलिमीटर व्यासाचा सेल जातो, १७ मिलिमीटर रुंदीचे चार्जिंगचे मॉड्यूल जाते, चिप तर हरवून जाते. अडचण तोंडाशी आहे. प्रत्येक कामाला बाहेरच्या जगाकडे पाहणारे एक भोक लागते आणि तोंड एकच आहे, २० मिलिमीटरचे. ध्वनीचा १६ मिलिमीटरचा डबा मधोमध बसवला तर भोवती दोन मिलिमीटरची कड उरते, तिच्यात काहीच मावत नाही. डबा एका बाजूला सरकवला तर दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर मिळतात आणि त्यांत तीन मिलिमीटरचा एक एलईडी, त्याची कड धरून, कसाबसा बसतो. एकच. अवरक्त, अतिनील की पांढरा, ते आपण ठरवायचे.

मालिकेतल्या उपकरणाला हा प्रश्न कधीच पडला नाही, कारण २००५ नंतरच्या भागांत त्याच्या तोंडाशी एकच दिवा असतो आणि तोच सगळे करतो. प्रेक्षकांनी कधी हरकत घेतल्याचे दिसत नाही. मी स्वतःसुद्धा आजपर्यंत घेतली नव्हती.

२६ मे, रविवार

तूर्त अवरक्त एलईडी बसवला, कारण मालिकेत दारे आणि यंत्रे उघडण्याचे जे काम सर्वांत जास्त वेळा होते त्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे रिमोटचेच तंत्र आहे. टीव्हीच्या रिमोटचा संदेश टीएसओपी१७३८ समोर धरून वाचला. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ लहान ठोके, आणि हे सगळे ३८ किलोहर्ट्झच्या लुकलुकीवर स्वार झालेले असते. तेच ठोके चिपमध्ये भरले. एलईडी थेट चिपला जोडला तेव्हा हातभर अंतरावरून चालत होता, मध्ये ट्रान्झिस्टर घातल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून चालू लागला. एलईडी पेटतो की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र जांभळट ठिणगी दिसते.

भाचीने दिवाणखान्याच्या दारात उभे राहून, हात लांब करून टीव्ही बंद केला. तो अभिनय मात्र अस्सल होता.

एसीच्या बाबतीत फजिती झाली. टीव्हीचा रिमोट 'आवाज वाढव' एवढेच सांगतो, पण एसीचा रिमोट प्रत्येक बटणासरशी आपल्या पडद्यावरची सगळी स्थिती, म्हणजे तापमान, पंख्याची गती, चालू की बंद, एकदम पाठवतो. मी जो संदेश नोंदवून ठेवला होता तो २२ अंशांचा होता. त्यामुळे आमचे सॉनिक कधीही दाबले तरी एसी २२ वर जाई आणि मूळ रिमोटच्या पडद्यावर मात्र २७ च दिसत राही. आई दुपारभर शाल पांघरून बसली होती आणि रिमोटकडे पाहून आपल्यालाच ताप आला असावा असे तिला वाटत होते. थर्मामीटर लावून झाल्यावर मी खरे काय ते सांगितले.

२ जून, रविवार

आज अतिनील एलईडी तात्पुरता बसवून पाचशेच्या नोटेवर फिरवला. क्रमांकाचे आकडे आणि कागदातले तंतू चमकले. चांगले दिसते, पण त्यासाठी तपकीर गल्लीत विजेरी मिळते. रिमोटचे काम रिमोट करतो. अंतर मोजण्याचे काम मूळ मॉड्यूल करतच होते, आम्ही ते सोडवून काढले आणि पुन्हा तेच करायला लावले. यादीतली उरलेली कामे एकेक करून पाहिली तर प्रत्येक काम करणारी याहून स्वस्त आणि याहून बरी वस्तू घरात आधीच होती, आणि मी केवळ ती सगळी एका नळीत कोंबण्याचा हट्ट करीत होते.

मालिकेच्या कर्त्यांनाही या वळणावर यावे लागले होते. जे उपकरण सगळे करते त्याच्यामुळे कथेला कुलूपच उरत नाही. नायकाला कोठडीत डांबले की पुढच्या मिनिटाला तो बाहेर. १९८२ मध्ये निर्माते जॉन नेथन-टर्नर यांच्या काळात, पीटर डेव्हिसन डॉक्टर असताना, एका परग्रहवासीयाच्या हातून ते उपकरण सरळ नष्ट करण्यात आले, आणि १९८९ मध्ये मालिका थांबेपर्यंत त्याच्या जागी दुसरे आणले गेले नाही. १९९६ च्या दूरचित्रपटात ते परतले आणि २००५ नंतर तर त्याच्यावाचून डॉक्टरची कल्पनाच होईना. मग नव्या लेखकांनी मर्यादा घातल्या. विशिष्ट तऱ्हेने बंद केलेले कुलूप उघडत नाही, लाकडावर चालत नाही. २००७ मध्ये ते क्ष-किरणांच्या यंत्राला जोडल्यामुळे जळाले, २०१० मध्ये पुन्हा जळाले, २०१५ मध्ये काही काळ त्याच्या जागी काळा चष्मा आला. मला या सगळ्यांत १९८२ चा निर्णय जास्त प्रामाणिक वाटतो. भाचीला तो अत्यंत दुष्टपणाचा वाटतो.

तिच्याशी बराच वाद झाल्यावर एक मात्र ठरले. काय सोडायचे हे आम्ही आजवर ठरवत होतो, म्हणजे नळीतून ध्वनी सोडायचा, प्रकाश सोडायचा. आता 'टी' डबा काढून तोंडाशी 'आर' डबा बसवायचा आणि जे आपल्या कानांना ऐकू येत नाही ते ऐकायचे. १९६८ च्या त्या पहिल्या कथेतही सगळे संकट वायूच्या नळात आहे आणि नळाच्या आतून येणाऱ्या ठोक्यांवरून ते कळते. यादीत नसलेले हे दहावे काम.

९ जून, रविवार

ऐकण्याचे विद्युतमंडळ असे : 'आर' डब्याचा क्षीण संकेत एलएम३५८ ने मोठा करायचा, एलएम३९३ ने त्याचे टोकदार ठोके करायचे, सीडी४०४० ने ते १६ ने भागायचे आणि आवाज काढणाऱ्या पिझो चकतीला द्यायचे. ४० किलोहर्ट्झ भागिले १६ म्हणजे २५०० हर्ट्झ, जे कानाला स्पष्ट ऐकू येते. वटवाघळांचे आवाज ऐकण्यासाठी हौशी लोक अशीच मांडणी करतात.

पहिल्यांदा एकाच टप्प्यात शंभरपट वाढ मागितली. एलएम३५८ ची धाव पाहता ४० किलोहर्ट्झला ती वीस-पंचवीसपटीच्या पुढे जात नाही, म्हणून संकेत कोमेजलेलाच बाहेर येत होता. याच चिपमध्ये दोन ॲम्प्लिफायर असतात. प्रत्येकाकडून सोळापट घेतले, म्हणजे एकूण अडीचशेपट झाली. एकाच बैलावर सगळा भार टाकण्यापेक्षा जोडी जुंपलेली बरी.

१६ जून, रविवार

भाचीची शाळा काल सुरू झाली. तिचे गाव जवळच असल्याने ती शनिवार-रविवार येते.

सगळे नळीत बसले आणि बटण दाबताच पिझो ओरडू लागला. बराच वेळ मी दोष शोधत होते. शेवटी लक्षात आले की माझ्या बोटांचे ॲल्युमिनियमवर घासणेच त्याला ऐकू जात आहे. डब्याभोवती जुन्या सायकल ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली, तेव्हा तो नळीपासून सुटा झाला आणि शांत झाला.

मग घरभर फिरलो. किल्ल्यांचा जुडगा हलवला की कर्कश किलबिल होते, जरी कानाला साधी किणकिणच ऐकू येते. चिवड्याची पिशवी उघडताना ती जवळजवळ किंचाळते. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीच्या बराच आधी झाकणाच्या एका बाजूने खरखरू लागला, आणि आईने सांगितले की त्या बाजूची रिंग सैल झाली आहे हे तिला महिनाभरापासून माहीत आहे. तिन्हीसांजेला गच्चीवर दोन वटवाघळे गेली तेव्हा टिकटिक झाली, पण ती इतकी झटपट होती की दुसऱ्यांदा खात्री करता आली नाही.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवते. हे उपकरण घरच्या गॅसची गळती शोधण्यासाठी वापरायचे नाही. रेग्युलेटरनंतर नळीतला दाब इतका कमी असतो की लहान गळतीतून ऐकू येण्याजोगा श्राव्यातीत ध्वनी निघत नाही, आणि शांतता म्हणजे सुरक्षितता असा चुकीचा समज होईल. तिथे साबणाचे पाणीच लावायचे, आणि वास येत असेल तर काहीही न लावता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या.

२३ जून, रविवार

भाचीच्या सायकलचे पुढचे चाक बसले होते. चौकातल्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ट्यूब बाहेर काढून हवा भरली आणि नेहमीप्रमाणे पाण्याच्या घमेल्याकडे वळले, तोच भाचीने त्यांना एक मिनिट थांबवले. तिने सॉनिक ट्यूबपासून चार बोटांवर धरले आणि वॉल्व्हपासून सुरुवात करून हळूहळू पुढे नेले. रस्त्यावर रिक्षा, हॉर्न, शेजारच्या दुकानात गाणी, पण त्यांतले काही ४० किलोहर्ट्झला फारसे पोचत नसल्यामुळे पिझो गप्प होता. साधारण एक वीत अंतरावर तो खरखरला. मागे घेतल्यावर थांबला, पुढे नेल्यावर पुन्हा खरखरला. तिने तिथे बोट ठेवले आणि खरखर बंद झाली.

काकांनी बोटाची ती जागा न सोडता ट्यूब पाण्यात बुडवली आणि मग बोट काढायला सांगितले. बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी उरलेली ट्यूबही पाण्यातून फिरवली, तेव्हा वॉल्व्हच्या मुळाशी आणखी एक जागा सापडली. तिथून दर दोनतीन सेकंदांनी एकच बुडबुडा येत होता. आम्ही तिथूनच सुरुवात केली होती आणि आमच्या उपकरणाला तो ऐकू आला नव्हता.

'ताई, पाण्याला बॅटरी लागत नाही,' असे म्हणून त्यांनी घासकागद काढला. दोन पंक्चरांचे पैसे घेतले.

३० जून, रविवार

चार्जिंग करताना सेल हाताला चांगलाच गरम लागला. टीपी४०५६ मूळ स्थितीत एक अँपिअर देते आणि हा सेल ८०० मिलिअँपिअर-तासांचा आहे, हे मी आधीच पाहायला हवे होते. पाटीवरचा १.२ किलोओहमचा रोधक काढून ३ किलोओहमचा लावला, म्हणजे प्रवाह ४०० मिलिअँपिअरवर आला. आता कोमटही होत नाही.

१४ जुलै, रविवार

आठवडाभर संततधार आहे. भाची सॉनिक शाळेत दाखवायला नेणार म्हणून मागच्या रविवारी ते टेबलाच्या खणात जपून ठेवले होते, आणि आज खण उघडेना. टेबल जुने सागवानी आहे, पावसाळ्यात दरवर्षी फुगते. मी ओढून पाहिले, तिने ओढून पाहिले, मग दोघींनी मिळून ओढले तेव्हा मूठच सैल झाली.

भाची हसू लागली. २०१३ च्या विशेष भागात तीन डॉक्टर एका कोठडीत सापडतात आणि लाकडी दरवाजा सॉनिकने उडवण्यासाठी चारशे वर्षांचे गणित मांडतात, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी येऊन तो नुसता ढकलून उघडते, कारण त्याला कुलूपच नसते. तिने मला खणाला कुलूप नाही ना ते पुन्हा पाहायला लावले. नव्हते.

शेवटी टेबलाच्या मागच्या फळीचे सहा स्क्रू पिवळ्या मुठीच्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने काढले आणि खण मागून हातोडीने ठोकत पुढे आणला. दोन स्क्रू गंजले होते, त्यांना खोबरेल तेल सोडून दहा मिनिटे थांबावे लागले. सॉनिक आत ठीक होते. बटण दाबल्यावर हातोडीच्या ठोक्यांना खरखरले.

खणाच्या दोन्ही कडांना मेणबत्ती घासून ठेवली आहे. गंजलेल्या दोन स्क्रूंच्या जागी पितळी आणायचे आहेत.